नव्वद बाय सव्वाशे

ऑफिसच्या लिफ्टमध्ये आपण काय करतो? मोबाइल बघतो. रेंज नसली तरी बघतो. शेजारच्याशी नजरानजर होऊ नये म्हणून वरच्या लाल आकड्यांकडे देवळात उभं असल्यासारखं टक लावून पाहतो. आरशात केस सारखे करतो. नववा मजला आला, टिंग झालं, की सुटलो! खराडीतल्या एका टॉवरमध्ये मी सात वर्षं रोज हेच करतेय. लिफ्टलाही काही डिझाइन असतं, कुणीतरी बसून तिची गणितं केलेली असतात, हे कधी डोक्यात आलंच नाही. एसी असतो, वाय-फाय असतं, तशी लिफ्ट असते. फंडा एकदम सिंपल.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत रत्नागिरीत आई बाथरूममध्ये घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

आमचं घर नाचणे रोडला. तळमजला अधिक तीन अशी नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, बारा फ्लॅट, आम्ही सगळ्यात वर. लिफ्ट नाही. एवढ्या उंचीला तिची सक्ती नव्हती आणि फ्लॅट घेतले तेव्हा सगळे पस्तिशी-चाळिशीतले. तिसरा मजला म्हणजे वारा छान, डास कमी! आपण सगळे एकाच वेळी म्हातारे होणार आहोत, हा हिशेब कुणी केलाच नव्हता.

अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन वर आले, पण ते जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीने खुर्चीला बांधलं आणि चार जणांनी खाली उतरवलं. प्रत्येक पायरीला ती डोळे मिटून घेत होती. ऑपरेशननंतर तशीच वर आली, आणि मग खाली उतरलीच नाही. घरात वॉकरने फिरायची, बाहेर जायला व्हीलचेअर आणली होती. पण बाहेर जायचं कसं? महिनाभराने फोनवर म्हणाली, "अगं, मारुती मंदिराकडचा बाजार अजून तिथेच आहे ना, बघून ये गं एकदा." मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र नाही हसले.

एप्रिलमध्ये सोसायटीची मीटिंग लागली. विषय एकच : लिफ्ट.

मीटिंग सॉलिड रंगली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आम्हाला काय उपयोग? आम्ही का पैसे द्यायचे?" खजिनदारकाकांना सगळ्यात स्वस्त, चार माणसांची हवी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आठ माणसांची, कारण गणपतीत मुंबईहून पाहुणे येतात. लिफ्ट कंपनीचा माणूस कोल्हापूरहून आला होता. तो बिचारा दीड तास चहा पीत बसला आणि मग म्हणाला, "लिफ्ट किती माणसांची हवी, ते नंतर बघू. आधी जागा किती आहे, ते दाखवा."

जागा होती जिन्याच्या बाजूला, बिल्डिंगच्या भिंतीला लागून. कंपाउंडपर्यंतचं अंतर, गाड्यांची वाट, नगर परिषदेचे नियम हे सगळं सांभाळून लोखंडी सांगाडा उभा केला, तर आत मोकळी जागा मिळत होती दीड मीटर रुंद आणि एक मीटर सत्तर सेंटिमीटर खोल. बस्स! म्हणजे अडीच चौरस मीटरच्या किंचित वर. काकूंची आठ माणसांची लिफ्ट तिथेच बाद झाली.

आता गंमत अशी, की या अडीच मीटरांतला निम्माही भाग आपल्याला मिळत नाही. फ्लॅट घेताना बिल्डर सुपर बिल्ट-अप दाखवतो आणि हातात कार्पेट एरिया येतो ना, अगदी तसंच. दाराच्या यंत्रणेला जागा लागते, रुळांना लागते, आणि सगळ्यात मोठा वाटेकरी म्हणजे लिफ्टच्या जोडीने वर-खाली करणारं वजन. काउंटरवेट.

माझ्या आजोळी विहिरीवर लाट होती. लांब आडवं लाकूड, एका टोकाला पोहरा आणि दुसऱ्या टोकाला बांधलेला दगड. भरलेला पोहरा वर येताना निम्मा भार तो दगडच उचलायचा, म्हणून माझी सडपातळ आजी तासन् तास पाणी काढू शकायची. लिफ्टचं तत्त्वही हेच. दोरांच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला वजन. हे वजन किती ठेवायचं? तर रिकामी केबिन, अधिक तिच्या क्षमतेच्या साधारण निम्मा भार. म्हणजे अर्धी भरलेली लिफ्ट जवळजवळ तोललेली असते आणि मोटरला फक्त फरक ओढावा लागतो. म्हणूनच पूर्ण रिकामी लिफ्ट खाली येताना मोटरला जोर लावावा लागतो, कारण तेव्हा ती पलीकडचं जड वजन वर खेचत असते. मला हे कळलं तेव्हा भन्नाट वाटलं!

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. लहानपणापासूनचा. लिफ्टमध्ये सगळे एका कोपऱ्यात उभे राहिले, तर ती कलंडत कशी नाही? होडीत एका बाजूला सरकलं, की नावाडी ओरडतो. लिफ्टवाला का नाही ओरडत?

कोल्हापूरकरांनी माझ्या वहीत चित्र काढून दाखवलं. आपण ज्याला लिफ्ट म्हणतो, ती चकाचक स्टीलची पेटी भार पेलतच नाही. तिच्याभोवती लोखंडी चौकट असते, तिला स्लिंग म्हणतात. वर एक आडवी तुळई, खाली एक, आणि दोन्ही बाजूंना दोन उभे चॅनेल. दोर त्या वरच्या तुळईला. पेटी खालच्या तुळईवरच्या प्लॅटफॉर्मवर ठेवलेली, मधे रबराचे तुकडे, म्हणजे हादरे आणि आवाज आत येत नाहीत. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना गाइड शू, म्हणजे रुळांना धरून सरकणारे पंजे. आणि दोन्ही बाजूंना जमिनीपासून वरपर्यंत सरळ उभे, टी आकाराचे रूळ. लिफ्ट म्हणजे खरं तर उभी रेल्वे!

आता गणित. ६८ किलोचा एक माणूस मध्यापासून ४० सेंटिमीटर बाजूला उभा राहिला. (६८ का? आपल्याकडे लिफ्टच्या हिशेबात एक माणूस म्हणजे ६८ किलो धरतात. म्हणून पाटीवर ४ माणसं २७२ किलो, ६ माणसं ४०८ किलो असे विचित्र आकडे दिसतात. ऑफिसच्या कँटीनमधला वडापाव कुणी हिशेबात धरलेला नाही!) तर हा माणूस चौकटीला कलंडवू बघतो. वरचे आणि खालचे पंजे रुळांना विरुद्ध दिशांनी दाबून तिला सरळ ठेवतात. दोन्ही पंज्यांत ३ मीटर अंतर असेल, तर प्रत्येकावर येणारा दाब : ६८ गुणिले ४० भागिले ३००. म्हणजे फक्त ९ किलो. साताठ महिन्यांचं बाळ कडेवर घेण्याइतका. सहाच्या सहा जण एका बाजूला चिकटले आणि भाराचा मध्य २५ सेंटिमीटर सरकला, तरी ३४ किलो. पंज्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितका दाब कमी. म्हणून चौकट पेटीपेक्षा उंच असते.

पडण्याची भीती? तिचंही उत्तर या चौकटीतच आहे. अमेरिकेत एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्लॅटफॉर्मवर उभं राहून, लोकांसमोर, दोर कापायला लावला होता. प्लॅटफॉर्म जरासा घसरला आणि थांबला. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात माणसांसाठी लिफ्ट सुरू झाली, आणि आपल्याकडे १८९२ मध्ये कोलकात्याच्या राजभवनात लिफ्ट आली. आजही तत्त्व तेच. वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की चौकटीतल्या पाचरी रुळांना करकचून पकडतात. म्हणजे जे रूळ आपल्याला सरळ ठेवतात, तेच शेवटी झेलतात.

आता आमच्या बिल्डिंगचं बघा. कोल्हापूरकरांनी दोन पर्याय दिले.

पहिला नेहमीचा : दोन्ही बाजूंना रूळ, मागे काउंटरवेट. केबिन आतून ११० सेंटिमीटर रुंद, १०० खोल. दुसरा पर्याय म्हणजे सगळा पसारा एकाच बाजूच्या भिंतीला. दोन्ही रूळ तिथेच, वजनही तिथेच, आणि केबिन त्या रुळांवरून पाठीवरच्या सॅकसारखी लटकलेली. याला रकसॅकच म्हणतात. मागची भिंत मोकळी झाल्यामुळे खोली वाढते, रुंदी कमी होते. केबिन ९० रुंद, १२५ खोल. क्षेत्रफळ दोन्हीकडे साधारण सव्वाअकराशे-अकराशे चौरस इंचांचं नव्हे हं, तर सव्वा चौरस मीटरच्याही आतलं : एक १.१, दुसरं १.१२. पाटी दोघींवर सहाच माणसांची.

मग फरक काय? खजिनदारकाकांनी लगेच विचारलं. फरक लाखभर रुपयांचा! रकसॅक महाग. कारण तिच्यात तोल कधीच मधे नसतो. केबिन, चौकट आणि माणसं मिळून ९०० किलो धरा, रुळांपासून ६० सेंटिमीटर दूर. पुन्हा तेच गणित : ९०० गुणिले ६० भागिले ३००. १८० किलो! मघाशी सहा जण दाटीवाटीने एका बाजूला उभे राहिले तेव्हा ३४ होते. आणि इथे तर केबिन रिकामी असली तरी शंभरेक किलोचा दाब पंज्यांवर कायम. सॅक पाठीवर घेऊन उभं राहिलं की खांदे मागे ओढले जातात ना, तसं. म्हणून चौकट जाड लागते, रूळ भक्कम लागतात, त्यांचे ब्रॅकेट जवळ जवळ लागतात, पंजे लवकर झिजतात आणि वेळोवेळी बदलावे लागतात. वेगही बेताचाच. तीन मजल्यांना चालतं, तीस मजल्यांना कुणी असली लिफ्ट लावणार नाही.

"मग झालं तर," खजिनदारकाका म्हणाले. "तेवढीच जागा, तेवढीच माणसं, लाख रुपये कमी. पहिलीच घेऊ." आणि त्यांचं म्हणणं कागदावर अगदी बरोबर होतं.

मला तेव्हा काय सुचलं कोण जाणे. मी वर जाऊन आईची व्हीलचेअर, टेप आणि खडू घेऊन आले. पार्किंगमध्ये जमिनीवर तीन चौकोन आखले. चार माणसांची, ११० बाय ७०. सहा माणसांची नेहमीची, ११० बाय १००. आणि तिसरा, नव्वद बाय सव्वाशे. अण्णांना खुर्चीत बसवलं, पाय फूटरेस्टवर. खुर्ची ६४ सेंटिमीटर रुंद आणि अण्णांच्या पावलांसकट ११० लांब.

पहिल्या चौकोनात अर्धी खुर्ची बाहेर. खजिनदारकाका गप्प.

दुसऱ्यात चाकं आत गेली, पण पावलं रेघेच्या दहा सेंटिमीटर बाहेर. आडवी घालावी, तर दारातून वळवायला जागाच नाही. दार अण्णांच्या अंगठ्यावर बंद झालं असतं.

तिसऱ्यात खुर्ची आत. मागे वीतभर जागासुद्धा उरली.

कुणी काही बोललं नाही. मग तळमजल्यावरचे काका, तेच 'आम्हाला काय उपयोग'वाले, खाली वाकून रेघ बघत म्हणाले, "दहा सेंटिमीटरसाठी लाख रुपये?" आणि जरा थांबून स्वतःच म्हणाले, "माझ्या धाकट्या भावालाही आता खुर्चीच लागते. दिवाळीला तो येतो तेव्हा वर कुणाकडे नेताच येत नाही." ठराव झाला. वर्गणीवरून नंतर दोन मीटिंगा भांडणं झाली, ते सोडा.

त्या दिवशी मला कळलं, की लिफ्टची क्षमता पाटीवर लिहिलेली असते, पण तिच्यात कोण येऊ शकेल ते पाटीवर नसतं. ते आकारात असतं. मुंबईत बीकेसीला जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये एक लिफ्ट आहे, एका वेळी २३५ माणसं नेणारी. तिची जमीन जवळजवळ २६ चौरस मीटर, म्हणजे एखादा छोटा वन-रूम-किचन! तिथे जागेचा प्रश्न नव्हता. आपल्या बहुतेक जुन्या बिल्डिंगींत प्रश्न इंच-इंचाचाच असतो. आणि केबिन नुसती मोठी करूनही भागत नाही. जागा वाढली, की माणसं शिरतातच, लोकल आणि लिफ्टमध्ये आपण सारखेच वागतो. म्हणून अमुक भाराला जास्तीत जास्त अमुक क्षेत्रफळ, असं नियमच बांधून देतात. मग तेवढ्याच जागेत आडवी पेटी घ्यायची की उभी, एवढंच आपल्या हातात उरतं. ते मात्र आपल्याच हातात असतं.

काम सुरू झालं मेच्या शेवटी. हा आमचा शहाणपणा! लिफ्टच्या तळाशी दीडेक मीटरचा खड्डा लागतो. जांभा फोडून तो खणला आणि जूनमध्ये रत्नागिरीचा पाऊस आला. आठवड्याभरात बिल्डिंगला स्वतःची विहीर झाली. बेडूकही आले. काम थेट दसऱ्यानंतर सुरू झालं. मग खड्ड्याला वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यात पंप. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, म्हणून सांगाड्याला गॅल्व्हनायझिंग. भार जुन्या भिंतीवर द्यायचा नाही म्हणून सांगाड्याला स्वतंत्र पाया. पावसाळ्यात लाइट जाते म्हणून बॅटरीवर जवळच्या मजल्याशी नेऊन दार उघडणारी यंत्रणा. आणि शेवटी लायसन्स. महाराष्ट्रात लिफ्टसाठी १९३९ चा जुना कायदा होता, त्याच्या जागी २०१७ चा नवा आला. लिफ्ट बसवायला परवानगी लागते आणि तपासणी होऊन लायसन्स मिळाल्याशिवाय ती चालवता येत नाही. तुमच्या सोसायटीचं लायसन्स कुठे आहे, कधी विचारलंय?

या जानेवारीत लिफ्ट सुरू झाली. मी मुद्दाम सुट्टी टाकून गेले. आईला खुर्चीसकट आत घातलं आणि लक्षात आलं, की मला उभं राहायला जागाच नाही! ती म्हणाली, "जा तू जिन्याने, मी येते." बटण तिनेच दाबलं. दार लागलं. मी तीन जिने धावत उतरले आणि खाली दारासमोर धापा टाकत उभी राहिले.

दार उघडलं. आईची पाठ माझ्याकडे. खुर्ची आत वळत नाही, त्यामुळे बाहेर यायचं ते उलटंच. आणि समोरच्या भिंतीवरच्या आरशात ती मला बघत होती. लिफ्टमधला आरसा केसांसाठी नसतोच मुळी. खुर्चीतल्या माणसाला मागचं दिसावं, दार उघडलंय का, वाटेत कुणी उभं आहे का ते कळावं, यासाठी तो लागतो. सात वर्षं मी त्यात फक्त बटा सारख्या केल्या.

"घाबरलीस का गं?" मी विचारलं.

"मी कशाला घाबरू? तूच घामाघूम झालीयेस," आई म्हणाली. "चल आता मारुती मंदिराला. अजून आहे ना तिथे बाजार?"

सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी पहिल्यांदाच मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि आधी पाटी वाचली, मग आरसा बघितला, मग जमीन. आतल्या आत पावलांनी मोजलंसुद्धा. शेजारचा मुलगा विचित्र नजरेने बघत होता. बघू दे.

तुम्ही यंदा फ्लॅट बघायला जाल, तेव्हा सॅम्पल फ्लॅटमधलं मॉड्युलर किचन बघाच. पण खिशात टेपही असू द्या. लिफ्टची खोली मोजा, दाराची रुंदी मोजा. सेल्सवाला हसेल. तुम्ही आज तिशीत आहात, तुमचे आई-बाबा नाहीत.